अनुभव धागा : तुमच्याकडचं जुनं छोटं इंजिन अजून कसं चालतंय?

गवत कापायचं मोअर, विहिरीवरचं डिझेल इंजिन, फवारणीचा पंप, लोडशेडिंगच्या काळात घेतलेला जनरेटर. यांतलं एखादं यंत्र ज्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षं किंवा त्याहून जास्त चालतंय, त्यांनी इथे लिहावं. कौतुक कराच, पण सोबत हेही सांगा की ऑइल कधी बदलता, बंद हंगामात यंत्र कसं ठेवता, आजवर काय काय बदलावं लागलं आणि कशाला कधीच हात लावावा लागला नाही.

विषय आत्ता काढण्याला कारण आहे. होंडाने अमेरिकेतलं लॉनमोअरचं उत्पादन २०२३ मध्ये थांबवलं. कॅलिफोर्नियात २०२४ पासून बहुतेक नव्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाचा नियम लागू झाला. भारतात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. त्यामुळे जुनं यंत्र सांभाळायचं की काढून टाकायचं, हा प्रश्न बऱ्याच घरांत निघतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. छोटं इंजिन चालून चालून मरताना मी फारसं पाहिलेलं नाही. ते मरतं उभं राहून, टाकीत जुनं पेट्रोल आणि पोटात काळं ऑइल घेऊन.

सुरुवात माझ्यापासून. मी ओहायोत राहतो. मोअर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या साडेतीन हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं, १९९० च्या सुमाराचं. याचे वाल्व डोक्यावर नसून सिलिंडरच्या बाजूला आहेत, त्यामुळे हेड म्हणजे सिलिंडरवरचं नुसतं फिन्सवालं (गार ठेवणाऱ्या पट्ट्यांचं) झाकण. बोल्ट काढले की पिस्टन, दोन्ही वाल्व आणि साचलेला सगळा कार्बन समोर. लाकडी पट्टीने खरवडायचा, नवं पॅकिंग टाकायचं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळायचे. घरच्या घरी होण्यासारखं काम आहे.

या इंजिनाला ऑइल पंप नाही, ऑइल फिल्टरही नाही. आत एक पंखेवालं दातेरी चाक ऑइल उडवतं आणि त्यावरच सगळं भिजतं. फिल्टर नसल्यामुळे झिजलेल्या धातूचे कण ऑइलमध्येच फिरत राहतात. ते बाहेर काढायचे तर ऑइल काढण्यावाचून मार्ग नाही. जुन्या पुस्तिकेत २५ तासांनी बदला असं लिहिलंय आणि मी ते पाळतो. अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त एसएई ३० (ऑइलच्या जाडीचा प्रकार) लागतं. एवढ्याशा खर्चात इंजिनाचं आयुष्य कितीतरी वाढतं, तरी आसपासचे बरेच लोक पातळीसुद्धा बघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बदललं काय? प्लग, एअर फिल्टर, पातं आणि कार्बोरेटरचा पडदा. या मॉडेलचा कार्बोरेटर थेट टाकीवर बसतो आणि एक पातळ पडदा फडफडून पेट्रोल वर उचलतो. तो ताठ झाला की रेस आपोआप वरखाली व्हायला लागते. लोक लगेच अख्खा कार्बोरेटर बदलायला निघतात, खरं तर काम काही डॉलरच्या पडद्याने भागतं. हिवाळ्याआधी टाकी रिकामी करतो आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतो.

आता तुम्ही लिहा.

पलूस, जि. सांगली

किर्लोस्करवाडी आमच्या तालुक्यातच, त्यामुळे इंजिन म्हटलं की किर्लोस्कर हे इथलं ठरलेलं. पण आमच्या मळ्यात आहे ते राजकोटचं, लिस्टर धाटणीचं. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, दोन्ही बाजूंना मोठी फ्लायव्हील (जड चाकं). इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचं हे मूळ डिझाइन १९३० च्या आसपासचं. तिथे ते १९८७ मध्ये बंद झालं, राजकोटला पुढेही बनत राहिलं. इतकं सावकाश फिरणारं इंजिन झिजणार तरी किती? विहिरीवर मोटर आल्यानंतरही वडिलांनी ते विकलं नाही. वीज नसली की ऊस त्याच्यावरच भिजायचा.

सुरू करायची पद्धत सांगतो, कारण नव्या पोरांना हँडल मारता येत नाही. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलायचा, हँडल फिरवायला घ्यायचं आणि कान नोझलकडे (जिथून डिझेल आत फवारलं जातं तिथे) ठेवायचा. डिझेल पोचलं की नोझल प्रत्येक फेऱ्याला ‘कर्र’ करतो. तो आवाज येत नसेल तर लाइनमध्ये एअर आहे, मग कितीही हँडल मारा, नुसते खांदे दुखतील. आवाज आला की फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा इंजिन आख्खं पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर शेजारी म्हणाले, भंगारात घाला. आमच्या फिटरने पहिली ताकीद दिली की कुणी हँडलला हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोरात फिरवलं तर पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी खालचा बोल्ट सैल केला. पाणी तळाशी बसलेलं असतं, ते आधी आलं, मग गाळ, मग दुधासारखं झालेलं ऑइल. नोझल काढून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवलं, तर भोकातून पिचकारी उडाली. टाकी, फिल्टर, पंप सगळं डिझेलने धुतलं. क्रँककेस डिझेलने खंगाळून काढली, नवीन ऑइल घालून थोडा वेळ चालवलं आणि तेही काढून टाकलं. बेअरिंग बदलावी लागली, रिंगा बदलल्या. लायनर (सिलिंडरची आतली नळी) मात्र तोच राहिला. आजही चालतंय.

मेलबर्न

पलूसच्या दादांना एक विचारायचंय. राजकोटचं इंजिन नवं घेतलं की आधी खोलून साफ करावं लागतं, असं इथल्या जुनी इंजिनं जमवणाऱ्या मंडळींकडून ऐकलंय. खरं का?

पलूस, जि. सांगली

सगळ्यांचं सांगता येणार नाही. ओतकामातली वाळू आत कोपऱ्यात राहू शकते, म्हणून आमच्याकडे नवं इंजिन आलं की बाजूचं झाकण काढून आतून हात फिरवायची आणि पुसून घ्यायची रीतच आहे. पहिलं ऑइल लवकर बदलायचं. एवढं केलं की पुढची तीस वर्षं काळजी नाही.

मेलबर्न

आभारी आहे. आता माझं. व्हिक्टाचं टू-स्ट्रोक मोअर, १६० सीसी. ऑस्ट्रेलियात व्हिक्टा म्हणजे घराघरातलं नाव. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये सिडनीत घरामागच्या गॅरेजमध्ये पहिलं बनवलं, त्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीचचा रिकामा डबा लावला होता. पात्यांची रचना मला फार आवडते. एका चकतीच्या कडेला छोटी पाती खिळलेली असतात आणि दगड लागला की ती मागे वळतात. अखंड पट्टीचं पातं असलेल्या मोअरमध्ये झाडाचा बुंधा लागला की फ्लायव्हील जागेवर धरणारी मऊ धातूची चावी कापली जाते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, आणि माणूस बिचारा प्लग आणि कार्बोरेटर तपासत बसतो.

टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. माझ्या मॉडेलला २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. हे प्रमाण मी डोळ्याने कधी ठरवत नाही, मापाची बाटली ठेवलीय. मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवत नाही.

रत्नागिरी

आमच्या आंब्याच्या बागेत फवारणीच्या पंपाला होंडाचं जीके २०० इंजिन आहे. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की रॉकेलवर घ्यायचं. रॉकेल मिळेनासं झाल्यावर पूर्ण पेट्रोलवर आलो.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाची एक खूण इथे नोंदवून ठेवतो. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर रॉकेल रिंगांमधून खाली उतरलंय असं समजा आणि त्याच दिवशी ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल मापाच्या काडीवर भरपूर दिसतं, पण बेअरिंगला वाचवत नाही. आणि बंद करण्याआधी काही मिनिटं परत पेट्रोलवर आणायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या दोरीला इंजिन उठतं.

पण कोकणात खरा शत्रू पावसाळा. शेवटची फवारणी झाली की ऑक्टोबरपर्यंत पंप पडवीत. दमट, खारी हवा. उघड्या वाल्वमधून ती सिलिंडरमध्ये जाते आणि बोअरला गंज धरतो. म्हणून प्लग काढून चमचाभर ऑइल ओततो, दोरी दोनदा हलकी ओढून ते पसरवतो, प्लग लावतो आणि पुन्हा दोरी ओढून जिथे हाताला जोर लागतो तिथेच सोडतो. त्या जागी दोन्ही वाल्व बंद असतात. माझ्या बाबांच्या वेळेपासून हे चालत आलंय, नंतर पुस्तिकेतही तेच लिहिलेलं दिसलं. मोहरावर तुडतुडा आला की पंप त्याच दिवशी लागतो, तेव्हा इंजिनाची मिनतवारी करत बसायला वेळ नसतो.

या बंद काळात टाकीत पेट्रोल तर आता अजिबात ठेवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मग पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि जस्ताची, ॲल्युमिनियमची वाटी आतून पांढरी पडते. वाटीखालचा स्क्रू सोडून शेवटचा थेंबही काढा.

पुणे

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली. किर्लोस्करचं टीव्ही-१ इंजिन, बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी, ६६१ सीसी, १५०० आरपीएम. ज्यांनी मेकॅनिकल केलंय त्यांना हे आकडे तोंडपाठ असतील, कारण देशभरातल्या कितीतरी कॉलेजांत हेच इंजिन डायनॅमोमीटरला (ताकद मोजायच्या यंत्राला) जोडलेलं असतं. आमच्याकडच्या इंजिनात विद्यार्थ्यांनी करंजाचं, जट्रोफाचं, वापरलेल्या तळणाच्या तेलाचं बायोडिझेल घालून पाहिलं. दर वर्षी नव्या मुलांच्या हाती पडणारं यंत्र इतकं टिकतं, याचं श्रेय बनवणाऱ्यांइतकंच वहीला आहे. तास, ऑइल, टॅपेट क्लिअरन्स (वाल्वजवळची फट), नोझलचा दाब, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. टॅपेटचा आवाज वाढायच्या आधीच वहीवरून कळायचं की वेळ झाली. घरच्या यंत्रालाही एक वही ठेवा, एवढंच सांगणं.

न्यू जर्सी

मी वेगळी बाजू मांडतो. घरापुढे पाव एकर गवत आहे, बॅटरीचं मोअर घेतलं आणि समाधानी आहे. सकाळी लवकर कापलं तरी शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. जुन्या इंजिनाचा धूर, विशेषतः टू-स्ट्रोकचा, चांगला नाही हे मान्य करायला हवं. तरी बर्फ उपसायचं जुनं यंत्र मी ठेवलंय. त्याचं टेकम्सेचं इंजिन बनणं कधीच थांबलं, पण कार्बोरेटर, पॅकिंग, दोरी सगळं अजून मिळतं. सुटे भाग मिळतायत तोवर ते कुठेही जाणार नाही. दोन्ही गोष्टी एका घरात नांदू शकतात.

नाशिक

माझ्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांतला पेट्रोल जनरेटर जिन्याखाली पडून आहे. इन्व्हर्टर घेतल्यापासून लावलेला नाही. टाकीत पेट्रोल तेव्हाचंच असणार. धागा वाचून तो पुन्हा चालू करावासा वाटतोय. थेट दोरी ओढू का?

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर

नाशिककर, थांबा, दोरी ओढू नका. माझं रोजचं काम हेच आहे, क्रमाने सांगतो.

आधी वरचं पत्र्याचं कव्हर काढा, जिथून फ्लायव्हीलचा पंखा हवा घेतो. पडून असलेल्या जनरेटरमध्ये तिथे हमखास उंदराचं घरटं निघतं. फिन्समध्ये चिंध्या आणि काड्या असताना इंजिन चालू केलं तर ते तापून जाम होतं. एअर फिल्टरचा स्पंज बोटाने दाबून बघा. चुरा पडत असेल तर तो आत ओढला जायच्या आत काढून टाका.

प्लग काढा, चमचाभर ऑइल आत सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावता दोरी हलक्या हाताने ओढा. मोकळं फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. जुनं पेट्रोल वास घेऊन बघा, वार्निशसारखा येईल. ते सगळं काढा. वाटी उघडली की तळाला पिवळा-हिरवा चिकट थर दिसेल. मेन जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) साफ करायला सुई किंवा टाचणी वापरू नका, पितळी भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायम जास्त पेट्रोल पितं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या. जेट उजेडाकडे धरलं की आरपार गोल दिसलं पाहिजे.

स्पार्क नसेल तर लगेच कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारी) बदलू नका. फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवर आणि कॉइलच्या पायांवर गंज असतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढा. मधलं अंतर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकं ठेवा. नवीन ऑइल, ताजं पेट्रोल घाला, टाकी भरू नका.

आणि चालू करायचं ते अंगणात. जिन्याखाली, गॅलरीत, खिडकीजवळ अजिबात नाही. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दरवर्षी अशा बातम्या वाचतो आणि जीव तुटतो.

प्लग लावून दोरी ओढल्यावर हाताला जोर अजिबात लागला नाही, तर इथे कळवा. वाल्व उघडाच अडकून बसलेला असेल, त्यासाठी इंजिन बाहेर पाठवायची गरज नाही. हेड कोणत्या प्रकारचं आहे ते फोटोवरून बघून पुढचं सांगतो.