काटा वर यायला वेळ लागतो, थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा का?

मोकळा_रस्ता: पेट्रोल हॅचबॅक आहे. हल्ली सकाळी टेंपरेचरचा काटा वर यायला फार वेळ लागतो. सिग्नलला उभी असली की मध्यापर्यंत येतो, मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की पुन्हा खाली. हीटर कोमट, ॲव्हरेज घसरलंय. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला तर पी०१२८ कोड आला, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) हवा तितका तापत नाही. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, म्हणजे गाडी कधी तापणारच नाही. मला पटत नाहीये. काय करू?

जुना_फिटर: काढू देऊ नका, कृपा करून. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरच्या मधली, कूलंट तापला की उघडणारी झडप. इंजिन लवकर गरम करून त्याच तापमानावर धरून ठेवणं हे तिचं काम. इंजिन थंड राहिलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचा ऑईलचा थर धुऊन खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ करतं. तापलेली गाडी वाफ सोडून ओरडते तरी, थंड चालणारी गाडी गुपचूप झिजते. असल्या सल्ल्यामुळे चांगली इंजिनं खराब होतात, याचं फार वाईट वाटतं.

तुमची लक्षणं थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचीच आहेत. तरी आधी कूलंटची पातळी बघा, कमी असेल तरी हीटर कोमट येतो. मग रात्रभर उभी असलेली गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि झडप उघडताच झपाट्याने तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप बंद होत नाहीये. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तिथे या खुणा बदलतात. आपलं मॅन्युअल बघा.)

स्कॅनरवाला: कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सरही तपासा. सकाळी चालू करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचं रीडिंग हवेच्या तापमानाच्या आसपास हवं. ते बरोबर असेल आणि हायवेवर ७० अंशांच्या खाली जात असेल, तर संशय थर्मोस्टॅटवरच.

मोकळा_रस्ता: रीडिंग हवेइतकंच होतं, होज सुरुवातीपासून कोमट होत गेला. थर्मोस्टॅट काढून बघितला, गार असतानाही झडपेत फट दिसते. नवा आणलाय.

जुना_फिटर: मग निदान पक्कं. नवाही बसवण्याआधी दोरीला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांच्या, आसपास उघडायला लागला पाहिजे.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. छोटं हवेचं छिद्र असेल तर ते वर. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा नको, नाहीतर तिथूनच गळेल. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच. बोल्ट आलटून पालटून आवळा, जोर नको, आटे जातात. गाडीला सांगितलेलाच कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मानिम्मा.

मोकळा_रस्ता: बसवला. काटा मध्यावर स्थिर आहे, पण डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येतो.

जुना_फिटर: हवा अडकलीय. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही. नाक चढावर करून गाडी उभी करा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करा, हीटर फुल गरमवर ठेवा. कॅप उघडी ठेवून गाडी चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. जमिनीवर सांडलेला कूलंट लगेच पुसा. चवीला गोड असतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.