मदत हवी आहे: साइटवरच्या कच्च्या नोंदींवरून एआयने केलेल्या अहवालात न घडलेल्या गोष्टी येऊ नयेत यासाठी काय करावे?

नमस्कार. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कामावर मी साइट इंजिनीअर आहे. सोसायटीने नेमलेली पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार), आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामाचा) सल्लागार आणि आमचा बिलिंग विभाग या तिघांनाही सतत कागद हवा असतो: दैनंदिन प्रगती अहवाल, प्रत्येक काँक्रीटचे पोअर कार्ड (ओतकामाची नोंद), क्यूब (ताकद तपासण्यासाठी घेतलेले काँक्रीटचे ठोकळे) रजिस्टर, अडथळ्यांची नोंदवही आणि आरए बिलासोबतची (चालू कामाच्या बिलासोबतची) मोजमापे. हे सर्व इंग्रजीत आणि नीटनेटके अपेक्षित असते. सुपरवायझर आणि मुकादम व्हॉट्सॲपवर जे पाठवतात ते मात्र साधारण असे असते:

"बी विंग ५ वा स्लॅब पहिला भाग चालू ९.४०. आरएमसी ७ गाडी आली, १ परत केली लेट होती. दुपारी पाऊस ४० मि. काम बंद. सी १२ जवळ रिंगा कमी वाटल्या, फिटरला सांगून टाकल्या. क्यूब घेतले. ५ ला संपला."

(आरएमसी म्हणजे प्लांटमधून गाडीने येणारे तयार काँक्रीट, रिंगा म्हणजे सळयांभोवतीच्या कड्या.) हा मजकूर एआय चॅटबॉटला देऊन पोअर कार्डासोबतचा अहवाल मागितला, तेव्हा काही सेकंदांत उत्तम इंग्रजीतला पानभर मसुदा मिळाला. त्यात स्लंप (ओल्या काँक्रीटच्या प्रवाहीपणाचे माप) १२० मिमी होता, सहा क्यूब घेतल्याचे होते, परत पाठवलेल्या गाडीने दोन तासांची मर्यादा ओलांडल्याचे होते आणि रिंगा मंजूर ड्रॉइंगनुसार दुरुस्त केल्याचेही होते. यातले एकही मूळ नोंदीत नाही. अडचण अशी आहे की प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे वाचले तर खरे वाटते, कारण एखाद्या व्यवस्थित साइटवर असेच घडले असते.

सहा क्यूबचेच पाहा. गाडीमागे ६ घनमीटरचे चलन (गाडीसोबतची पावती) धरले तर गाड्या सहा असोत वा सात, काँक्रीट ३६ किंवा ४२ घनमीटर होते. आयएस ४५६:२००० (काँक्रीटचे भारतीय मानक) प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरसाठी किमान चार नमुने लागतात आणि एका नमुन्यात तीन क्यूब, म्हणजे बारा क्यूब. तो मसुदा तसाच सही होऊन गेला असता, तर नमुने कमी घेतल्याची कबुली आम्हीच लिहून दिल्यासारखे झाले असते.

तरीही हे साधन सोडून द्यावे असे मला वाटत नाही, कारण संध्याकाळचे टंकलेखन त्यामुळे खरोखर वाचते. रिकामी जागा रिकामीच राहावी यासाठी सूचना कशी द्यावी, मोजमापांची बेरीज त्याच्याकडे सोपवावी का, आणि मूळ नोंद कशा स्वरूपात जपावी, यावर जाणकारांनी अनुभव सांगावेत ही विनंती.

प्रतिसाद (बिलिंग इंजिनीअर, ठाणे)

आपण दोन वेगळी कामे एकाच सूचनेत मागत आहात. पहिल्या फेरीत अहवाल मागूच नका, तक्ता मागा: एका रकान्यात बाब, दुसऱ्यात तिचे मूल्य आणि तिसऱ्यात ज्या शब्दांवरून ते घेतले ते मूळ नोंदीतले शब्द जसेच्या तसे. ज्या बाबीसाठी शब्द सापडणार नाहीत तिथे "नोंद नाही" एवढेच लिहायचे, असे स्पष्ट सांगा. तिसरा रकाना नसेल तर पहिल्या दोहोंवर विश्वास ठेवू नका. त्यानंतर त्यालाच विचारा की हे पोअर कार्ड पूर्ण करण्यासाठी सुपरवायझरला कोणते प्रश्न विचारावे लागतील. आपल्या नोंदीवर प्रश्न असे निघतील: परत गेलेली गाडी सातात धरली आहे की नाही, काँक्रीटची ग्रेड कोणती, पाऊस किती वाजता आला आणि तेव्हा ओतणे कुठे थांबले, क्यूब किती आणि त्यांवर खूण काय. हा फोन त्याच संध्याकाळी व्हायला हवा, कारण तीन दिवसांनी सुपरवायझरही अंदाजानेच उत्तर देतो आणि मग चॅटबॉटला दोष देण्यात अर्थ राहत नाही. दुसऱ्या फेरीत केवळ भरलेला तक्ता द्या आणि त्यावरून अहवाल लिहून घ्या.

बेरजा, गुणाकार आणि स्टीलची वजने एक्सेलमध्येच ठेवा. भाषेचे मॉडेल आकडाही शब्दासारखाच पुढचा अंदाज करून लिहिते, त्यामुळे चुकलेली बेरीजसुद्धा बरोबर दिसते. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र शीटमध्ये एकदा बसवले की १२ मिमी सळईचे मीटरला ०.८८९ किलो कायम तेवढेच येते. सोबत साइटवरच्या मापांची छोटी यादी प्रत्येक वेळी जोडा: सळईचे ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हणजे १० मिमी, ४ सूत म्हणजे १२ मिमी, ५ सूत म्हणजे १६ मिमी, रेतीचा १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. ही यादी नसेल तर ते काय समजेल याचा नेम नाही.

प्रतिसाद (आरसीसी सल्लागाराच्या कार्यालयातून)

मला क्यूबपेक्षा रिंगांचे वाक्य अधिक गंभीर वाटते. "कमी वाटल्या" हे निरीक्षण आहे. त्याचे "कमी होत्या" करणे जितके चूक, तितकेच "ड्रॉइंगनुसार दुरुस्त केल्या" करणेही चूक, कारण ड्रॉइंगशी कोणी ताडून पाहिले का हेच नोंदीत नाही. अशी बाब प्रगती अहवालाच्या परिच्छेदात विरघळू न देता स्वतंत्र त्रुटी नोंद म्हणून काढावी, ड्रॉइंग क्रमांक, प्रत्यक्ष मोजलेले अंतर आणि काँक्रीटपूर्वीचे छायाचित्र यांसह, आणि आमच्याकडे पाठवावी. एआयचा कल मवाळ भाषेकडे असतो. "किरकोळ", "समाधानकारक", "मानकांनुसार" हे शब्द आम्ही आमच्या सूचनेत थेट वर्ज्य केले आहेत. तसेच मूळ नोंदीत नसलेला कोणताही आयएस क्रमांक मसुद्यात येऊ द्यायचा नाही. आपल्या मसुद्यातली दोन तासांची मर्यादा आयएस ४९२६ (तयार काँक्रीटचे मानक) मध्ये आहे हे खरे, पण रिटार्डर (काँक्रीट घट्ट होणे लांबवणारे रसायन) वापरलेला असल्यास अधिक वेळही मान्य होऊ शकतो. गाडी का परत केली हे चलनावरची भरण्याची वेळ पाहिल्याशिवाय लिहिताच येत नाही.

मूळ नोंद जपण्याबद्दल: रेरा कायदा २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक दोष निदर्शनास आणला गेला, तर तो विकासकाला विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणजे आजचे पोअर कार्ड बऱ्याच वर्षांनी उघडले जाऊ शकते, आणि तेव्हा गुळगुळीत इंग्रजीपेक्षा त्या दिवशीचा मोडकातोडका संदेश अधिक मोलाचा ठरतो. संदेश, छायाचित्रे आणि आवाजी नोंदी तारखेसह निर्यात करून ठेवा. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. सभासदांची नावे, फोन क्रमांक आणि आमची ड्रॉइंग्ज मात्र कृपया चॅटबॉटला देऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. तक्त्याची पद्धत वापरून पाहिली. सुपरवायझरच्या सांगण्यानुसार परत गेलेली गाडी सातात धरलेली होती, क्यूब बारा घेतले होते आणि स्लंप घेतलाच नव्हता. त्यामुळे पोअर कार्डावर स्लंपसमोर आता "नोंद नाही" असेच जाईल, पीएमसीने विचारले तरी. रिंगांची त्रुटी नोंद छायाचित्रासह वेगळी काढली आहे.

एक मुद्दा शिल्लक आहे. मसुदा एआयच्या साहाय्याने तयार केला आहे, अशी टीप अहवालाखाली हवी का, असे पीएमसीने विचारले आहे. सही माझी असल्याने मजकुराची जबाबदारीही माझीच, म्हणून टिपेला माझी हरकत नाही, पण आमच्या विकासकाला ती नको आहे. ज्यांच्या करारात याविषयी कलम आहे त्यांनी त्यातले शब्द, पक्षकारांची नावे वगळून, येथे द्यावेत.