मदत हवी आहे: उकडांब्यासाठी मिक्सरमध्ये मोहरी फेसताना कडू होते

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या गावातून लिहितेय. मृग तोंडावर आलाय आणि यंदा उकडांब्यांची बरणी माझ्याकडे आहे. सासूबाईंचे गुडघे आता त्यांना पाट्यासमोर बसू देत नाहीत आणि मला पाट्याची सवय नाही, माझं सगळं वाटण मिक्सरवर. पाडाला लागलेले रायवळ निवडून ठेवलेत. आंबे उकडणं, गूळ, मीठ, तिखट, मेथी-हिंगाची फोडणी, यात शंका नाही. अडलंय ते मोहरीपाशी.

सासूबाई थेंब थेंब पाणी घालत मोहरी फेसायच्या. पांढरट फेस यायचा आणि माजघरात बसलेल्याच्याही डोळ्यांना पाणी यायचं. किती वेळ फेसायची, पाणी किती, विचारलं की म्हणतात, "हाताला कळतं." माझ्या मिक्सरमधली मोहरी नाकात जातच नाही, जिभेच्या मुळाशी नुसती कडू लागते. कोरडी पूड करून पाणी घालून पाहिलं, भिजवून वाटून पाहिली, कडूपणा तोच. उकडांब्याला मोहरी चवीपुरती असती तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण श्रावणापर्यंत बरणी टिकते त्यात मिठाबरोबर मोहरीचाही हात असतो, म्हणून नीट शिकायचंय.

शेजारच्या काकू म्हणतात, मीठ आधीच घाल, कडू होणार नाही. गुहागरची मावशी म्हणते, मीठ आधी घातलंस की झणका मेला. कुणाचं ऐकू? मोहरी फोडणीची बारीकच घ्यायची की लोणच्याची मोठी? बाजारात मिळणारी मोहरीची डाळ चालेल का? आमच्याकडे लोणच्याला तीच वापरतात, पण उकडांब्यात सासूबाईंनी कधी घातली नाही.

एक वेगळा प्रश्नही आहे. नणंदेला श्रावणात बाळ होईल. आई तिच्या बाळासाठी मोहरीची उशी शिवायला बसलीय. आमच्याकडच्या पावसात भिंतींना ओल येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत उशीतली मोहरी बुरसत नाही का? कुणी वापरली असेल तर सांगा.

प्रतिसाद

ताई, अख्ख्या मोहरीत झणका तयार नसतोच. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातला एक विकर (एन्झाइम) काम सुरू करतो आणि तेव्हा तो तिखटपणा तयार होतो. उष्णतेने हा विकर निकामी होतो. म्हणून फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, नाकात जात नाही. तुमच्या मिक्सरचं भांडं तापत असणार. शिवाय ज्या द्रव्यापासून झणका बनतो ते स्वतःच कडू असतं, त्यामुळे वाटल्या वाटल्या चाखाल तर कडूच लागेल. गार पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि मग चाखा.

मावशींचं म्हणणं मला पटतं. मीठ आणि आंबट दोन्हींनी हे काम मंदावतं, म्हणून ती झणका चढल्यावर घालायची. पण चढल्यावर मात्र उशीर करू नका. नुसती उघडी ठेवलेली मोहरी तासाभरात उतरायला लागते, आंब्याच्या आंबटपणात ती जास्त टिकते.

प्रतिसाद

चिपळूणहून. आमच्याकडे मिक्सरचं भांडं आधी फ्रिजमध्ये ठेवतात. मोहरी कोरडीच, थांबत थांबत फिरवायची, एका दमात नाही. पूड वाडग्यात काढून गार पाण्याने कालवायची आणि रवीने किंवा हातानेच एका दिशेने फेसायची. मोठी मोहरी घे, फोडणीची वेगळी ठेव. डाळीला सालं नसतात, त्यामुळे रंग पिवळा येतो, चव सौम्य लागते. लोणच्याला छान, पण उकडांब्याला आम्ही तरी अख्खी मोहरीच फेसतो. आणि पाणी उकळून पूर्ण गार केलेलंच वापर, नाहीतर बरणीवर बुरशी येईल.

प्रतिसाद

उशीबद्दल. मोहरी ओली राहिली तर बुरसते. मऊ खोळीत घट्ट शिवून उन्हात वाळवतात, पण श्रावणात ऊन कुठलं? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वर्षाच्या आतलं बाळ झोपताना त्याच्या डोक्याखाली कुठलीच उशी नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंड-नाक दाबलं जाण्याची भीती असते, आणि शिवण उसवली तर दाणे तोंडात जातात. बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवायचं. आईंना वाईट वाटेल, पण बाळंतपण जिथे होणार आहे तिथल्या डॉक्टरांकडूनच त्यांना हे ऐकवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीचं आईशी आजच बोलते. चिपळूणच्या ताई, एकच विचारते: शंभरेक मध्यम रायवळांना मोहरी किती घेता? सासूबाई "मूठ-मूठ" म्हणतात आणि त्यांची मूठ माझ्यापेक्षा मोठी आहे.