शब्दचर्चा: अमेरिकेतले इंग्रज आणि 'टाय' झालेली मॅच

शनिवारचा प्रेक्षक (न्यू जर्सी)

विषय फुटबॉलचा आहे, पण धागा शब्दचर्चेत काढतोय, कारण भांडण सगळं शब्दांचंच आहे.

१-१ अशी संपलेली मॅच अमेरिकन समालोचकाच्या तोंडी 'टाय' होते. ते ऐकलं की ऑफिसातले माझे इंग्रज सहकारी दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करतात. त्यांच्या मते ती 'ड्रॉ' झाली. 'टाय' म्हणजे चषक स्पर्धेतली लढत: 'थर्ड राउंड टाय' वगैरे. म्हणजे इंग्रजाच्या भाषेत टायसुद्धा ड्रॉ होऊ शकते. हे वाक्य एखाद्या अमेरिकनाला ऐकवून बघा.

गंमत म्हणजे क्रिकेटवर पोसलेल्या माझ्या कानाला इथे अमेरिकनच बरोबर वाटतो. खेळ पूर्ण झाला, दोन्हीकडचे आकडे सारखे, हा टाय. ड्रॉ म्हणजे पाचव्या दिवशी अंधुक प्रकाशात पंचांनी बेल्स उचलल्या, तो. आपली वर्तमानपत्रंही कसोटी 'अनिर्णित राहिली' लिहितात आणि फुटबॉलची मॅच 'बरोबरीत सुटली' लिहितात. फरक मराठीनेही ठेवलाय.

बाकी खटकणाऱ्या शब्दांना तोटा नाही. क्लीन शीटला (म्हणजे एकही गोल न खाण्याला) 'शटआउट', बुटांना 'क्लीट्स', ड्रेसिंग रूमला 'लॉकर रूम', जादा वेळेला 'ओव्हरटाइम', गुणतक्त्याला 'स्टँडिंग्ज', दुसऱ्याच्या मैदानावरच्या मॅचला 'रोड गेम', पेनल्टीला 'पीके'. गोलच्या वरच्या कोपऱ्याला म्हणतात 'अपर नाइंटी'. त्याचा नव्वद मिनिटांशी संबंध नाही. उभा खांब आणि आडवा दांडा यांच्यात जो काटकोन होतो, तो नव्वद. मला हा शब्द फार आवडतो. त्यांना अजिबात नाही.

पण मुळात प्रीमियर लीगच्या बहुतेक मॅचना इथेही ब्रिटिशच आवाज असतो. कुरकुर असते ती एमएलएसच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) आणि अमेरिकन राष्ट्रीय संघाच्या समालोचनावर. त्यातही एक मेख आहे. हल्ली बरेच अमेरिकन समालोचक आणि प्रेक्षक 'पिच' (मैदान), 'निल' (शून्य), 'ब्रेस' (एकाच खेळाडूचे दोन गोल) असे अस्सल ब्रिटिश शब्द वापरायला लागलेत. त्यावर हे लोक खूश व्हायला हवेत ना? मूळचा न्यूकॅसलचा एक सहकारी म्हणतो, शटआउट एक वेळ चालवून घेईन, पण ओहायोच्या माणसाने 'टू-निल' म्हटलं की टीव्ही बंद करावासा वाटतो. म्हणजे त्यांचे शब्द वापरले नाहीत तरी राग, वापरले तरी राग.

तर प्रश्न असा: खटकतो तो शब्द, की बोलणारा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अवांतर: हे सगळे स्वतःला 'एक्सपॅट' म्हणवतात. त्याच मजल्यावर, तसल्याच व्हिसावर काम करणारे आम्ही मात्र 'इमिग्रंट'. त्यावर वेगळा धागा काढेन.

लेस्टरकर

धागा आवडला. सुरुवात 'सॉकर'पासूनच करायला हवी होती, कारण तिथे इंग्रजांची बाजू सगळ्यात लंगडी आहे.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमांनी खेळायचं ते 'असोसिएशन फुटबॉल', आणि दुसरं रग्बी. ऑक्सफर्डच्या पोरांना प्रत्येक शब्दाची शेपटी छाटून तिथे 'अर' चिकटवायची खोड होती. रग्बीचं 'रगर' झालं आणि असोसिएशनमधला 'सॉक' उचलून 'सॉकर'. अमेरिकेचा यात काडीचाही हात नाही. पुढे कित्येक दशकं इंग्लंडात दोन्ही शब्द सुखाने नांदत होते. इंग्लंडातून निघणाऱ्या मासिकाचं नाव १९६० पासून 'वर्ल्ड सॉकर' आहे. स्काय वाहिनीचा शनिवारचा कार्यक्रम 'सॉकर सॅटरडे'. त्याला कोणी नावं ठेवत नाही.

उलट अमेरिकन महासंघ १९१३ मध्ये जन्मला तो 'युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन' या नावाने. १९४५ मध्ये नावात 'सॉकर' आलं, तरी पुढे 'फुटबॉल' होतंच. ते गळून पडलं १९७४ मध्ये. आणि साधारण त्याच सुमाराला, अमेरिकेत सॉकरचा गाजावाजा वाढू लागल्यावर, इंग्लंडात तो शब्द मागे पडत गेला. मिशिगन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी यावर सविस्तर लिहिलंय. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: बोलणारा खटकतो. शब्द घरचाच होता, शेजाऱ्याने वापरायला घेतला म्हणून टाकून दिला.

बॉब ब्रॅडली आठवतात का? २०१६ च्या ऑक्टोबरात स्वान्सी सिटीचे प्रशिक्षक झाले, प्रीमियर लीगमधले पहिले अमेरिकन. अकरा सामने, दोन विजय, नाताळ उलटतोय तोच हकालपट्टी. संघाचा बचाव गळका होता हे खरं, पण त्यांच्या 'पीके'ची आणि 'रोड गेम'ची जेवढी टिंगल झाली तेवढी बचावाची झाली नाही. 'याला खेळ कळत नाही' हे सिद्ध करायला लोकांना दोन शब्द पुरले. पुढे लीड्सला जेसी मार्श आले, ते 'सॉकर' हा शब्द तोंडून निसटू नये म्हणून जपून बोलत.

जाता जाता: तुमच्या त्या एक्सपॅट मंडळींना सांगा, कुरकुर कमी करा. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने आम्हाला इथे इंग्लंडात टीव्हीवर दिसत नाहीत. स्टेडियम ओस पडू नयेत म्हणून ती जुनी बंदी आहे. तिकडे अमेरिकेत एनबीसी वाहिनीने २०१३ पासून हंगामातले ३८० च्या ३८० सामने दाखवायला सुरुवात केली. आणि त्यांचे मुख्य समालोचक २०२२ पर्यंत कोण? आमच्या लेस्टरचे आर्लो व्हाइट.

व्याकरणवेडी

'बरोबर शब्द कोणता' हा वाद असेल तर नियमपुस्तक उघडायला हरकत नाही. ते कुणा अमेरिकनाने लिहिलेलं नाही. ज्या मंडळाकडे ते आहे ते १८८६ पासूनचं, आणि त्यात आजही ब्रिटनच्या चार संघटनांना एकेक मत आहे.

नियम पहिला: 'द फील्ड ऑफ प्ले'. पिच नव्हे, फील्ड. नियम चौदावा: 'द पेनल्टी किक'. म्हणजे 'पीके' ही नियमातल्या पूर्ण नावाचीच आद्याक्षरं झाली. नुसतं 'पेनल्टी' हे बोलीतलं. इथपर्यंत अमेरिका पुढे. पण सारखे गोल झाले तर सामना 'ड्रॉन' असंच लिहिलंय, 'टाय' नाही. आणि बाजूच्या रेषेला 'टचलाइन', 'साइडलाइन' नाही. इंग्रज ज्याला 'बायलाइन' म्हणतात तिचं नाव पुस्तकात 'गोल लाइन', तेव्हा तिथे त्यांचाही निकाल लागला.

क्रियापदाचा मुद्दा कोणी काढला नाही, तो मला जास्त रोचक वाटतो. इंग्रज समालोचक 'लिव्हरपूल आर' म्हणतो, अमेरिकन 'लिव्हरपूल इज'. इंग्रजाला डोळ्यांसमोर अकरा माणसं दिसतात, अमेरिकनाला एक संस्था, असं सांगितलं जातं. मला ते फारसं पटत नाही, कारण अमेरिकनसुद्धा 'सिएटल इज' म्हणतो आणि त्याच दमात, त्याच सिएटलच्या संघाला, 'द साउंडर्स आर'. तो निव्वळ नामाच्या रूपाकडे बघतो, त्यात तत्त्वज्ञान नाही.

आपण तर त्याहून पुढे, लिंगही बघतो. मुंबई हरली, भारत हरला, लिव्हरपूल हरलं. मँचेस्टर युनायटेडचं काय करायचं? मी 'युनायटेड हरलं' म्हणते, घरात 'युनायटेड हरली' चालतं, दर रविवारी वाद.

डलासची आई

माझी लेक इथे बारा वर्षांखालच्या संघात खेळते. तिचे एक प्रशिक्षक इंग्रज आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी निरोप धाडला, 'मुलींनी बूट्स आणावेत.' टेक्सासमध्ये बूट्स म्हणजे काय ते सांगायला नको. दोघी खरोखर गुडघ्यापर्यंतचे काउबॉय बूट घालून आल्या.

नावांबद्दलही लिहा कोणीतरी. आमच्या डलासचा संघ आधी 'डलास बर्न' होता, २००५ मध्ये 'एफसी डलास' झाला. 'रिआल सॉल्ट लेक' तर कहर आहे. 'रिआल' ही स्पेनच्या राजाने दिलेली पदवी, युटामध्ये कुठला आलाय राजा? अमेरिकन लोक आधी स्वतःचं काहीतरी करू बघत होते, तेव्हा सगळ्यांनी हसून घेतलं. आता ते युरोपसारखं करतात तरी हसतातच.

रेडिओवेडा

शब्दांवर सगळे बोलताय, पण माझ्या ओळखीच्या इंग्रजांची खरी तक्रार शब्दांची नसते, बडबडीची असते. अमेरिकन समालोचक गप्प बसत नाही, ही.

याला इतिहास आहे. इंग्लंडात फुटबॉलचं पहिलं थेट रेडिओ समालोचन २२ जानेवारी १९२७ ला झालं: आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. बोलणारे होते टेडी वेकलम. मैदानाचे आठ चौकोन आखून त्याचा नकाशा 'रेडिओ टाइम्स'मध्ये छापला होता, आणि वेकलम खेळाचं वर्णन करत असताना दुसरा माणूस नुसता चौकोनाचा आकडा सांगायचा. श्रोता घरी नकाशावर बोट ठेवून बसलेला. पुढे टीव्ही आल्यावर इंग्रजांनी ठरवलं की चित्र दिसतंय ते सांगायचं नाही. नाव घ्यायचं, थांबायचं, आणि गोल झाला की प्रेक्षकांचा आवाज येऊ द्यायचा.

अमेरिकेत कामाची वाटणीच वेगळी. एक जण प्रत्येक चाल सांगणार, त्याचं काम 'प्ले-बाय-प्ले'. दुसरा 'कलर' भरणार, म्हणजे किस्से, आकडे, विश्लेषण. बेसबॉलमध्ये आणि त्यांच्या फुटबॉलमध्ये दोन चेंडूंच्या किंवा दोन चालींच्या मध्ये भरपूर मोकळी जागा असते, तिथे हे शोभतं. सॉकरमध्ये तशी जागा नाही. किस्सा अर्ध्यावर असतानाच गोल होतो.

२००६ च्या विश्वचषकाला ईएसपीएन आणि एबीसीने बेसबॉलवाले डेव्ह ओब्रायन यांना मुख्य समालोचक केलं, भरपूर टीका ओढवून घेतली, आणि २०१० ला सरळ इंग्रज मंडळी आणली. अमेरिकेच्या लँडन डोनोव्हनने अल्जीरियाविरुद्ध भरपाई वेळेत गोल मारला तेव्हा अमेरिकेला तो ज्या आवाजात आठवतो तो इयन डार्क यांचा, म्हणजे इंग्रजाचा. २०१३ ला फॉक्सने पुन्हा तोच खेळ केला. बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये गाजलेले गस जॉन्सन यांना थेट वेम्बलीवरच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला बसवलं. माणूस गुणी, आवाज दणदणीत, पण हा खेळ त्यांच्या अंगवळणी पडलेला नव्हता. पुढच्या वर्षी ते स्वतःच बाजूला झाले.

तरी 'अमेरिकनांना गप्प बसता येत नाही' हे मला मान्य नाही. १९७४ मध्ये बेसबॉलमध्ये हँक ॲरनने ७१५ वा होम रन मारून बेब रूथला मागे टाकलं तेव्हा समालोचक व्हिन स्कली माइकपासून दूर झाले आणि नुसता स्टेडियमचा गलका ऐकू देत राहिले. ही कला त्यांच्याकडे आहे, फक्त सॉकरच्या बाबतीत त्यांना धाकधूक असते की आपण समजावून सांगितलं नाही तर प्रेक्षक चॅनेल बदलेल. एमएलएस १९९६ ला सुरू झाली तेव्हा घड्याळसुद्धा उलटं चालायचं, ४५ पासून शून्याकडे, आणि बरोबरी झाली की ३५ यार्डांवरून एकट्या गोलरक्षकावर धावून जायचं शूटआउट. १९९९ च्या हंगामानंतर दोन्ही बंद. ही भीती जसजशी जाईल तशी बडबड कमी होईल, असं माझं मत. नव्या पिढीतल्यांना ऐका, फरक जाणवतो. स्टू होल्डनचं विश्लेषण मोजकं असतं. आणि ते जन्मले स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनला, वाढले टेक्सासात. त्यांना अमेरिकन म्हणायचं की ब्रिटिश ते एक्सपॅटांनी ठरवावं.

पेठेतला (कोल्हापूर)

लई भारी चर्चा. आमच्यात हा घोळच नाही. शाहू स्टेडियमवर मॅच बरोबरीत सुटली की 'टायब्रेकर'. इंग्रजाला विचारलं तर तो म्हणंल हा शब्द टेनिसचा. असंना. पाटाकडील आणि दिलबहारची फायनल टायब्रेकरवर गेल्यावर कुणाला शब्दकोश बघायला सवड असतीया?

एक मात्र खरं, 'पिच'वरून माझाबी गोंधळ व्हायचा. टीव्हीवरचा गोरा 'बावीस खेळाडू पिचवर' म्हणायचा तवा मला बावीस यार्डांत बावीस माणसं कशी उभी ऱ्हायली म्हणून प्रश्न पडायचा. आमी आपलं ग्राउंड म्हणतो.

लेस्टरकर

पेठेतले, तुमचा गोंधळ अगदीच निराधार नाही. स्टंप 'पिच' करायचे, म्हणजे जमिनीत रोवायचे, यावरून क्रिकेटचा पिच आला आणि तिथून तो फुटबॉलने उचलला. अमेरिकनाला 'पिच' म्हणजे बेसबॉलमधला फेकलेला चेंडू, म्हणून तो बिचारा 'फील्ड' म्हणतो. आणि शेजारी-शेजारी संघांच्या मॅचला इंग्रज 'डार्बी' म्हणतात, अमेरिकन 'डर्बी'. आपणही महालक्ष्मीच्या घोड्यांपासून 'डर्बी'च म्हणत आलोय, त्यामुळे मी इथे पंधरा जणांत एकटा पडतो.

शनिवारचा प्रेक्षक (न्यू जर्सी)

सगळ्यांचे आभार. सोमवारी ऑफिसात नियम पहिला आणि चौदावा छापून लावला. न्यूकॅसलवाल्याने वाचला आणि म्हणाला, 'नियम लिहिणारे वकील असतात, ते कधी मॅचला जात नाहीत.'

मग मी त्याला 'असिस्ट'बद्दल विचारलं. हा शब्द बेसबॉल आणि आइस हॉकीतून आलेला, पूर्ण अमेरिकन. आज प्रीमियर लीग त्याची अधिकृत आकडेवारी ठेवते आणि तो स्वतः दिवसातून दहादा बोलतो. त्याचं उत्तर: 'तो अमेरिकन नाही, तो फॅन्टसी लीगचा आहे.' पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

आता उपप्रश्न: 'असिस्ट'ला मराठीत काय म्हणता? पेपरात 'गोलसाहाय्य' वाचलंय, पण बोलताना कोणी म्हणत असेल असं वाटत नाही.

पेठेतला (कोल्हापूर)

'पास कुणाचा हुता?' असं इचारतो. नाव सांगितलं की झालं.