८० किलो आटा भरून बसलेल्यांनो, जरा ऐका (ऑक्टोबर २०१९)

रेडिंगचा_बंड्या:
३१ ऑक्टोबरला ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार, करार झाला नाही तर माल अडकेल अशी सगळ्यांना भीती. त्यावरून काल इथे एका भाऊंनी फोटो टाकला. गाडीच्या डिकीत दहा-दहा किलोच्या आट्याच्या आठ पिशव्या, वर तूरडाळ, तेलाचे कॅन, आणि खाली लिहिलंय "३१ ऑक्टोबरची आमची तयारी झाली, घरच्यांची काळजी असेल तर आजच भरा". बायकोने जेवताना मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, आपण काय करतोय? तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सोडून द्या.

तूरडाळ डोव्हरवरून, फ्रान्सचे ट्रक उतरतात त्या बंदरावरून, येत नाही हो. ती कंटेनरमधून बोटीने येते, तिला फ्रेंच कस्टम्सशी काही घेणंदेणं नाही. अडकलं तर टोमॅटो, सिमला मिरची, सॅलडची पानं, स्पेन नाहीतर हॉलंडचा ताजा माल अडकेल आणि तो तुम्ही डिकीत भरूनही चार दिवसांत सडणार. यलोहॅमरचा, म्हणजे करार न होता बाहेर पडलो तर काय होऊ शकतं त्याचा कागद सरकारला गेल्या महिन्यात नाइलाजाने बाहेर काढावा लागला, तो तरी वाचा. पहिल्याच दिवशी ट्रकांची ये-जा ४० ते ६० टक्क्यांवर येऊ शकते असं त्यात आहे, नाकारत नाही. पण एकूण अन्नाचा तुटवडा होणार नाही असंही त्यातच आहे. काही ताजा माल कमी येईल, भाव वाढतील, आणि भाव वाढले की मार कमी उत्पन्नवाल्यांना बसेल. हे शेवटचं वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही.

मी दर शनिवारी फूड बँकेत, गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, दोन तास असतो. सुपरमार्केटच्या दारात लोक जाता जाता टिन टाकतात ना, ती ट्रॉली ऑगस्टपर्यंत भरून यायची, हल्ली तळ दिसतो. का, तर लोक टिन घरी नेतायत. ज्याच्या हातात आठवड्याला खायला ३० पौंड आहेत त्याने महिन्याचं कुठून भरायचं? आपल्याकडे याला साठेबाजी म्हणतात, काळजी नाही.

लेस्टरवाली_मावशी:
बंड्या, साठेबाजी आणि बेगमी यातला फरक तुझ्या आईने तुला शिकवला नाही वाटतं. मी सांगोल्याची. ७२ साली आठ वर्षांची होते. आदल्या वर्षीची ज्वारी कणगीत होती म्हणून आम्ही बरेच महिने काढले, ती संपली तेव्हा आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि घरात लाल मिलो, ती बाहेरदेशची ज्वारी, आला, त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापताना कडेने फुटायची, आई तुकडे जोडून तव्यावर टाकायची. कणगी नसलेली शेजारची दोन घरं पावसाळ्याआधीच गाव सोडून गेली. तेव्हा मला कोणी सांगू नये की घरात धान्य ठेवणं पाप आहे.

आणि इथलंही बघितलंय. २००० च्या सप्टेंबरात तेलाचे डेपो अडवले होते तेव्हा चौथ्या दिवशी आमच्या रस्त्यावरच्या दुकानात ब्रेड नव्हता. गेल्या वर्षी मार्चात बर्फ पडला तेव्हा दूध नव्हतं. ही सुपरमार्केटं आज आलेलं उद्या विकतात, मागे गोदाम असं नसतंच. त्यात यंदा दिवाळी २७ ला आणि हे ३१ ला, भाजणी तर मी एरवीही भरतेच.

घरकोंबडा:
मावशी, मार्चमध्येही २९ तारखेला जगबुडी होती. आमच्या हिने १८ टिन छोले भरले. मग तारीख १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर. आम्ही मे ते जुलै छोलेच खाल्ले. मुलगा आता पंजाबी मित्राच्या घरी जेवायला जायला नाही म्हणतो.

निफाडचा_नाना:
बंड्याभाऊ, साठेबाजी हा शब्द जरा सांभाळून वापरा. तुम्ही रेडिंगमध्ये बसून सहज बोलून जाता, तिकडे आमच्या घरावर रोज हाच शब्द फेकला जातोय. २९ सप्टेंबरला दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली, वर व्यापाऱ्याला साठ्याची मर्यादा घातली, किरकोळवाल्याला १०० क्विंटल आणि घाऊकवाल्याला ५००. लासलगावला चार हजारांच्या वर गेलेला भाव लगेच आपटला. टीव्हीवर काय, तर "साठेबाजांना दणका". अरे कोण साठेबाज? माझा दादा एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरतो, पाच-सहा महिने सांभाळतो, गेल्या वर्षी चाळ फोडली तेव्हा तिसरा हिस्सा काळा पडलेला नाहीतर कोंब आलेला, हात घातला की पाणी गळायचं. आमच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला गेल्या वर्षी साडेसातशे किलोचे १०६४ रुपये आले, ते त्याने पंतप्रधानांना मनिऑर्डर केले. तेव्हा कुठे होती ही ग्राहकाची काळजी?

रेडिंगचा_बंड्या:
नाना, विषय कांद्याचा नाहीये.

निफाडचा_नाना:
विषय कांद्याचाच आहे. पिकवणाऱ्याने सहा महिने ठेवलं तर साठेबाज आणि खाणाऱ्याने डिकी भरली तर दूरदृष्टी, असं कसं चालेल? लंडनमध्ये कांदा महागला की तुम्ही इथे रडणार आणि पुण्यात महागला की सरकार पडतं म्हणून निर्यात बंद. २१ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान आहे, त्याआधी कांदा स्वस्त पाहिजे, बाकी काही नाही.

ईलिंगकर:
नाना, निर्यातबंदी चूकच, पण व्यापारी काय साधुसंत आहेत का? माझ्या सासऱ्यांचा वाशी मार्केटला गाळा होता. तेजी आली की माल दाबून धरायचा आणि शेतकऱ्याला आधीच स्वस्तात कापायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चाळ दादाची, पण तेजीचा मलिदा दादाला किती मिळतो ते एकदा लिहा.

निफाडचा_नाना:
ज्या वर्षी दादा स्वतः थांबू शकतो त्या वर्षी मिळतो. म्हणूनच चाळ बांधली! तेच तर सांगतोय, ज्याच्याकडे ठेवायला जागा आहे त्याला भाव. सासऱ्यांना विचारा ना, चाळ नसलेल्याचं काय करायचे ते.

ईलिंगकर:
सासरे वारले २०११ ला.

निफाडचा_नाना:
सॉरी. पण मुद्दा तोच.

ईलिंगकर:
असू दे. मूळ विषयावर बोलतो. काही होणार नाही. २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलंय, तीन वर्षं झाली, भीती घालणं थांबवा. सप्टेंबरमध्ये कायदा झालाय, युरोपशी करार नसेल तर मुदतवाढ मागावीच लागेल. आणि हो, मी लीव्हला, बाहेर पडायलाच, मत दिलं, लाज नाही. २०१४ च्या मेमध्ये ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, फळमाशीचं कारण काढून हापूस बंद केला, आठवतंय? इंग्लंडला त्या माशीचा काय त्रास, इथे आंब्याची बाग आहे का कुठे? आपलं काय खायचं ते आपण ठरवावं, एवढंच.

क्रॉयडनची_सून:
अरे देवा, आंब्यासाठी देश बुडवला. तो हापूस २०१५ मध्ये परत आला की हो, एक सीझन गेला फक्त. आणि मत दिलंत कोणत्या पासपोर्टवर? कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून तुम्हाला मत होतं. माझ्या शेजारची पोलिश बाई १२ वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिला नव्हतं. ज्याचं घर हलणार त्यालाच विचारलं नाही. निकालाच्या आधी शंभरीला टेकलेला पौंड दुसऱ्या दिवशी नव्वदीत, आम्ही नाशिकच्या फ्लॅटचे हप्ते भरत होतो, विचारा आम्हाला.

ईलिंगकर:
पौंड पडला तर इथून निर्यात वाढते, थोडं अर्थशास्त्र वाचा. आणि "देश बुडवला" वगैरे भाषा नको, मी २२ वर्षं टॅक्स भरतोय.

क्रॉयडनची_सून:
मग भरा. मला डाळीचं काही पडलेलं नाही. माझे सासरे इन्सुलिनवर आहेत, दिवसाला चार वेळा, आणि हे औषध जवळजवळ सगळं युरोपातून येतं. कंपन्या सहा आठवड्यांचा साठा ठेवतायत म्हणे, लोकांनी जास्तीचं मागू नका असं सांगितलंय. मी मागितलं नाही. नियमाने मिळतं तेवढंच आणते. पण रात्री फ्रीज उघडून इन्सुलिनची पेनं मोजते, काल सात होती. बंड्याभाऊ, मी साठेबाज का?

रेडिंगचा_बंड्या:
नाही. तुम्हाला उद्देशून नव्हतं ते. आणि इन्सुलिनचं मी धरलंच नव्हतं, कबूल.

लेस्टरवाली_मावशी:
आता कबूल करतोयस तर पुढचंही कर. बेगमी म्हणजे गर्दीत जाऊन शेल्फ रिकामं करणं नाही, मी दर आठवड्याला एक पाकीट जास्त आणते, जून महिन्यापासून. त्याने कोणाचं काय गेलं? दुकानदाराने तेवढं जास्त मागवलं. फोटो टाकून "आजच भरा" म्हणणाऱ्याला शिव्या घाल, त्याला मीही घालीन, त्याने घाबरवलंन सगळ्यांना. आणि फूड बँकेला मी दर महिन्याला पाच किलो तांदूळ देते, तुझी ट्रॉली रिकामी असेल तर ती माझ्यामुळे नाही.

रेडिंगचा_बंड्या:
ठीक आहे मावशी, जूनपासून एकेक पाकीट, याला मी साठेबाजी म्हणणार नाही. खूश? पण हे जमायला जून महिन्यात हातात जास्तीचा पैसा लागतो आणि घरात जागा लागते. आमच्या फूड बँकेत एक बाई येते, दोन मुलं, एकाच खोलीत राहतात, किचन शेअरिंगमध्ये. तिला मी पास्त्याची चार पाकिटं दिली तर ती दोनच घेते, म्हणते कपाटात माझा एकच कप्पा आहे आणि जास्त ठेवलं तर दुसरे खातात. तिला सांगा बेगमी.

निफाडचा_नाना:
बघा, आलात ना चाळीवर. जागा असेल त्याचं निभतं.

रेडिंगचा_बंड्या:
हो नाना, आलो बाबा चाळीवर.

हाउन्स्लोचा_हौशी:
फोटो माझा होता. सकाळपासून वाचतोय. दोन गोष्टी. आटा ८० किलो नाही, ७० आहे, एक पिशवी भावाची होती. दुसरं म्हणजे गॅरेजमध्ये ठेवलेला, काल एक पिशवी उघडली तर पोरकिडे. कोणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा, टोमणे नकोत.

घरकोंबडा:
आमचे छोले घ्या, टिन असल्याने कीड लागत नाही.

लेस्टरवाली_मावशी:
अरे पीठ कधी साठवतात का! गहू साठवायचे, उन्हात तापवून, कडुनिंबाचा पाला घालून. डाळ-तांदळाला एरंडेल लावायचं, इथे केमिस्टकडे जुलाबाच्या शेल्फवर मिळतं. पिठाला काही इलाज नाही. चाळून पिशव्या फ्रीझरमध्ये टाक चार दिवस, आणि ज्या चांगल्या आहेत त्यातल्या चार बंड्याला दे शनिवारी.

हाउन्स्लोचा_हौशी:
फ्रीझर मटाराने भरलाय. दोन देतो.

रेडिंगचा_बंड्या:
दहा किलोची पिशवी एका घराला देता येत नाही, किलोकिलोची करून आणा. आणि चाळून.