डिस्टोपियन कादंबरीतली बंडखोर मैत्रीण: काय वाचू, कसं लिहू?

गोदातीरी

नमस्कार. गेली दोन वर्षं एक कादंबरी लिहिते आहे. पुढच्या काळातलं नाशिक. गंगापूर धरणाचं पाणी एका मंडळाच्या ताब्यात, माणशी पाण्याचा शिधा ठरलेला, आणि गोदेला पूर कधी आलेच नाहीत असं शाळेत शिकवतात. निवेदिका सुमन मंडळाच्या नोंदणी कचेरीत कारकून आहे. तिची लहानपणची मैत्रीण रेखा रात्री घाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीवर जुन्या पुरांच्या खुणा रंगवते. (नाशिकबाहेरच्यांसाठी: ही मूर्ती म्हणजे आमची पूरपट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून गावात पूर सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मूर्ती पाण्याखाली गेली होती.)

चौदा प्रकरणं झाली, पण रेखाने तोंड उघडलं की भाषण होतं. बहिणीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "रेखाचं सगळं बरोबर आहे गं, पण ती कुणाची मैत्रीण वाटत नाही." फार लागलं मला. मैत्रीबद्दल लिहायचं म्हणूनच तर बसले होते. शिवाय रेखा एवढी धीट, की शेजारी सुमन फिकी पडते. शेवटही सुचत नाही, प्रत्येक वेळी रेखा हुतात्मा होते. कृपया वाचन सुचवा.

शब्दवेडी

मार्गारेट ॲटवुडची 'द हँडमेड्स टेल' (१९८५). बाकीचं नंतर वाचा, ही आधी. पुढे रहस्यभेद आहे.

त्यातली मॉयरा ही निवेदिकेची कॉलेजपासूनची मैत्रीण. त्या दिवसांतल्या एका आठवणीत निवेदिका दुसऱ्या दिवशी द्यायचा निबंध लिहीत बसलेली असते. मॉयरा म्हणते चल बियर प्यायला, आणि वर पैसेही तिच्याकडेच उसने मागते. तेवढ्यानेच ती मैत्रीण झाली. पुढे नवी राजवट येते, आणि बायकांना डांबलेल्या केंद्रातून ती आजारपणाचं सोंग करून पळू बघते, पकडली जाते, तळपायांवर मार खाते. तरी पुन्हा संडासाच्या टाकीतला दांडा काढून तो हत्यार म्हणून वापरते, देखरेखीवरच्या बाईला बांधून ठेवते आणि तिचेच कपडे घालून फाटकातून चालत बाहेर पडते. मागे राहिलेल्या बायकांना ती सुटली एवढंच माहीत, पण तेवढ्यावर त्या कितीतरी दिवस काढतात.

आता तुमच्या कामाची जागा. पुढे निवेदिकेला मॉयरा पुन्हा दिसते ती सत्ताधाऱ्यांच्या छुप्या क्लबात, पुरुषांसाठी नटवलेली. विषारी कचरा उपसायच्या वसाहतींत मरायला जायचं की इथे राहायचं, यातून तिने हे निवडलेलं. इथे तितकंसं वाईट नाही, असं ती सांगते आणि निवेदिका हादरते. स्वतः रोज मान खाली घालणारी ही बाई, पण मैत्रिणीने झुकलेलं तिला सोसवत नाही. दर वाचनात मला इथे थांबावं लागतं. मॉयराचं शेवटी काय झालं ते कळतच नाही. तिने तो क्लब उडवून दिला असं सांगायला निवेदिकेला आवडलं असतं, पण ती तिला पुन्हा भेटलेलीच नाही.

रेखाला काय हवंय हे तुम्ही चौदा प्रकरणं लिहिलंत. सुमनला रेखा कशासाठी हवी आहे? माझा अंदाज, सुमन आपल्या वाटचं धाडस रेखाकडे ठेवायला देते आणि स्वतः रोज कचेरीत जाते. तसं असेल तर सुमन फिकी नाही, तिच्याकडेच सगळ्यात जास्त दडवलेलं आहे.

सातपूरकर

ताई, मी पुस्तकांतला माणूस नाही, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या कारखान्यात संप झाला तेव्हा माझा जिवलग दोस्त पुढारी होता. गेटसभेत तो बोलायला उभा राहिला की रस्त्यावरचे लोक थांबायचे. मी मागच्या रांगेत. पण रात्री माझ्या घरी येऊन बसला की मागण्यांबद्दल एक अक्षर काढायचा नाही. पोरीची फी, हप्ता, आईचा गुडघा. एकदा म्हणाला, "तू माझ्याबरोबर येऊ नकोस. माझं काही झालं तर घरी डाळ-तांदूळ पोचवायला कोणीतरी कामावर पाहिजे." त्या वाक्याचा मला राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटलं होतं. दोन्ही अजून आठवतं.

भाषण गेटवर होऊ द्या. सुमनच्या स्वयंपाकघरात रेखाला चहा मागू द्या.

ओली_माती

वाखूसा (वाचनखूण साठवली). सातपूरकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) सुचवते. क्लॅरिस ही सतरा वर्षांची शेजारची मुलगी. पुस्तकं जाळण्याची नोकरी करणाऱ्या माँटॅगला ती विचारते, तू सुखी आहेस का? थोड्याच पानांत ती नाहीशी होते, बहुधा गाडीखाली. कथा मात्र त्या प्रश्नावर शेवटपर्यंत चालते. बंडखोर मैत्रिणीला प्रत्येक प्रकरणात हजर राहायची गरज नसते.

वाचनयात्री

शब्दवेडींशी अर्धाच सहमत. मॉयरा थोर आहेच, पण ती वाचून आता जो तो बंडखोराला शेवटी मोडून दाखवतो. मोडणं हाच खरेपणा, असं थोडंच आहे!

ऑल्डस हक्स्लीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला (१९३२) हेल्महोल्ट्झ बघा. सरकारसाठी घोषणा लिहिणारा हुशार माणूस, पण मनाजोगतं लिहिता येत नाही म्हणून तगमगणारा. त्याचा मित्र बर्नार्ड तक्रारी फार करतो. या जगाबाहेरच्या वस्तीतून आणलेला जॉन इस्पितळात लोकांना गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या फेकून देऊ लागतो आणि दंगल उसळते, तेव्हा हेल्महोल्ट्झ आनंदाने उडी घेतो. बर्नार्ड जावं की पळावं करत घुटमळतो. हद्दपारीची शिक्षा ऐकून बर्नार्ड गयावया करतो, तर हेल्महोल्ट्झ म्हणतो, खराब हवेचं बेट द्या, तिथे लिहिणं चांगलं होईल. घुटमळणाऱ्याचा तो एक परिच्छेद सुमनसाठी मुद्दाम वाचा.

आणि जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४'मधला (१९४९) साइम. तो बंडखोर नाही, उलट निष्ठावान आहे, पण त्याला फार स्पष्ट दिसतं. एक दिवस तो कामावर येत नाही, आणि बुद्धिबळ समितीच्या यादीत त्याचं नाव नसतं. संपलं. सुमन नोंदणी कचेरीत आहे हे लक्षात घ्या.

पंचवटीकर

पुस्तकांबाहेरचं सुचवतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी इथे राहून तो वर्षानुवर्षं लढवला, दार उघडलं नाही. पुढे १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पहिल्या दिवसाबद्दल सगळे लिहितात. मला नेहमी तिसऱ्या वर्षातला साधा दिवस दिसतो: कुणी मजुरी बुडवून आलेला, कुणाचं मूल घरी तापलेलं, दार बंदच. बंडाला असा कंटाळवाणा, दमलेला काळ फार असतो आणि मैत्री लागते ती त्याच काळात. तुमच्या रेखाला मी अजून दमलेली पाहिली नाही.

गोदातीरी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस सावानात (आमच्या सार्वजनिक वाचनालयात) बसून सातवं प्रकरण पुन्हा लिहिलं. रेखाचं अडीच पानांचं भाषण काढलं. आता ती रात्री साडेअकराला सुमनकडे येते, हाताला रंग. सुमनच्या शिध्यातला अर्धा तांब्या हात धुवायला मागते. सुमन देते, आणि दुसऱ्या दिवशी तेवढं पाणी कमी का, याची खोटी नोंद आपल्या हाताने करते. सुमनने केलेली ही पहिली चोरी. रेखाला ती कधीच कळत नाही.

वाचनयात्री, शेवट अजून ठरवलेला नाही, पण हुतात्मा नक्की नाही. रेखाचं नाव असलेलं नोंदवहीचं पान सुमनसमोर येतं, खोडायचा हुकूम येतो, इथवर आले आहे. पंचवटीकर, दमलेली रेखा नवव्यात येते आहे. लिहून झालं की इथेच टाकते, कठोरपणे वाचा.