हेल्मेटेड हॉर्नबिल आणि ओरांगउटान, जास्त धोक्यात कोण?

ऐरोलीची_आई: मुलगी आठवीत आहे, धोक्यातल्या दोन प्राण्यांची तुलना असा प्रोजेक्ट मिळालाय. तिने हेल्मेटेड हॉर्नबिल (धनेश पक्ष्याची एक जात) आणि ओरांगउटान (मोठं वानर) घेतलेत कारण दोघं बोर्निओ-सुमात्राच्या जंगलात राहतात. पण नेटवर दोघांपुढे अतिसंकटग्रस्त असंच लिहिलंय, मग तुलना करायची कशावर? आणि येऊरला धनेश दिसतो तो हाच का?

येऊर_भटक्या: नाही ताई, येऊरचा तो राखी धनेश, त्याला सध्या तसा धोका नाही, ठाण्यात सोसायटीतल्या उंबरावर पण येतो. हेल्मेटेड खूप मोठा, तीन किलोच्या आसपास. बाकी धनेशांचं चोचीवरचं शिंग पोकळ किंवा हलकं असतं, याचं पुढून भरीव, हस्तिदंतासारखं कोरता येतं, आणि चीनमध्ये त्या कोरीव वस्तूंना मागणी आहे म्हणूनच त्याला मारतात. एकट्या पश्चिम कालिमंतानमध्ये (बोर्निओचा इंडोनेशियातला भाग) २०१३ साली ६००० च्या आसपास मारले असा अंदाज आहे!! २०१५ मध्ये आययूसीएनने (कोणती जात किती धोक्यात याची यादी ठेवणारी जागतिक संस्था) त्याला मधल्या दोन पायऱ्या सोडून थेट अतिसंकटग्रस्त केलं. माझ्या मते हॉर्नबिलच जास्त धोक्यात.

घणसोली_निसर्ग: मला नाही पटत. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांनी एकदा पिल्लू देते, एवढं सावकाश वाढणारं जनावर क्वचितच असेल. आणि पिल्लू पकडून विकायचं म्हणून आईला मारतात, म्हणजे पुढची सगळी पिल्लं पण गेली. तपानुली ओरांगउटान ही जात २०१७ ला वेगळी म्हणून ओळखली गेली, सुमात्रात बातांग तोरूच्या जंगलात ८०० पेक्षा कमी उरलेत.

येऊर_भटक्या: ते खरंच वाईट आहे. पण धनेशाचं घरटं बघा ना, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, पाचेक महिने आत, नर फटीतून खाऊ घालतो. पिल्लू एकच. तो नर मारला की आतले दोघं उपाशी.

ऐरोलीची_आई: बापरे, हे माहीतच नव्हतं. दोघांचे आभार. आणि पाम तेलासाठी जंगल तोडतात त्याचा फटका दोघांना सारखाच ना?

सह्याद्री_वाचक: सारखा नाही ताई, आणि मला वाटतं खरी तुलना इथेच आहे. ओरांगउटान रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवीन घरटं करतं, मोठी झाडं नेली तरी उरलेल्या जंगलात थोडंफार निभावतं, पूर्ण सपाट केलं की मात्र संपलं. धनेशाला जुन्या मोठ्या झाडातली तयार ढोली लागते, ती त्याला स्वतःला पोखरता येत नाही, त्यामुळे लाकडासाठी फक्त मोठी मोठी झाडं निवडून नेली तरी जंगल लांबून हिरवं दिसतं पण घरट्याला जागाच राहत नाही. वड-उंबराच्या जातीची फळं दोघं खातात, ती झाडं गेली की दोघांचंही खाणं जातं, ते मात्र सारखं.

तिला एक नक्की सांगा, ओरांगउटानच्या तिन्ही जाती वेगळ्या लिही. बोर्निओचे अंदाजे लाखभर, सुमात्राचे चौदा हजारांच्या आसपास, आणि तपानुली वर लिहिलेत तेवढेच. तिन्ही मिळून एकच आकडा टाकला तर तपानुली त्यात दिसणारच नाही.